पंधरा वॅटांत किती गेम, किती व्हिडिओ

बारावीनंतर म्हसवडची बरीच पोरं शिकायला बाहेर पडतात. कुणाला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळते, कुणाला सांगलीच्या वालचंदला, कुणी थेट पुणं गाठतं. फी भरून झाली की घरात पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. माण तालुक्यातल्या कोरडवाहू घरात ही खरेदी चार वर्षांत एकदाच व्हायची असते, म्हणून ती चारचौघांना विचारून, दोन-तीन दुकानं फिरून होते. एसटीत आणि वसतिगृहाच्या जिन्यात वागवायचा म्हणून हलका हवा, चार्जिंग टिकायला हवं, आणि किंमत आवाक्यात हवी. या तीन अटींत बसतो तो पातळ, कमी विजेवर चालणारा लॅपटॉप. पोराच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न असतो आणि वडील जरा बाजूला गेले की तो दुकानदाराला हळूच विचारतो: याच्यावर गेम चालतील का? व्हिडिओ एडिटिंग झेपेल का?

'चालतील की,' असं उत्तर मिळतं. ते पूर्ण खोटंही नसतं आणि पूर्ण खरंही नसतं. हा प्रश्न मला चैनीचा वाटत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला चार वर्षं सोबत राहणाऱ्या यंत्राकडून काय मिळणार आहे, हे आधी कळलंच पाहिजे. शिवाय त्याचं उत्तर देताना संगणकाच्या आत काय चालतं तेही समजून घेता येतं.

सुरुवात विजेपासून करू. छताचा जुना साधा पंखा 70-75 वॅट वीज घेतो. पातळ लॅपटॉपच्या प्रोसेसरला सतत चालण्यासाठी साधारण 15 वॅट ठरवून दिलेले असतात. त्याच 15 वॅटांत हिशेब करणारे भाग बसवायचे, चित्र रंगवणारे भागही बसवायचे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. प्रोसेसरच्याच चिपचा एक कोपरा ते काम करतो. इंटेलनं 2011 च्या 'सँडी ब्रिज' पिढीपासून ग्राफिक्स मुख्य चिपच्याच तुकड्यावर आणलं आणि तेव्हापासून स्वस्त-हलक्या लॅपटॉपचा हाच साचा झाला. उलट गेमिंग लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स 4060 हे कार्ड एकटंच 35 ते 115 वॅट घेऊ शकतं. नाव एकच, वॅट तिप्पट. म्हणजे नुसतं कार्डाचं नाव वाचून काही कळत नाही, हे महागड्या यंत्रांनाही लागू आहे.

आता काम किती आहे ते बघा. आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळजवळ 20 लाख 74 हजार ठिपके असतात. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. व्हिडिओतही एवढेच ठिपके असतात आणि गेममध्येही. तरीही व्हिडिओ पातळ लॅपटॉप धापा न टाकता दाखवतो आणि गेममध्ये त्याचा पंखा घोंगावायला लागतो. असं का होतं हे कळलं की निम्म्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

व्हिडिओत पुढचं चित्र काय असणार हे आधीच ठरलेलं असतं. कुणीतरी ते चित्रित केलेलं आहे, दाबून लहान केलेलं आहे, आपल्याला फक्त उलगडायचं आहे. आणि दाबणं म्हणजे किती? फुल एचडीच्या एका चित्राला, दर ठिपक्याला तीन बाइट धरले तर, सहा एमबीपेक्षा थोडी जास्त जागा लागते. सेकंदाला 30 चित्रं म्हणजे 186 एमबी. युट्यूबवरून तोच व्हिडिओ येताना सेकंदाला साधारण अर्ध्या एमबीच्या आसपास डेटा येतो. तीनशेपट आकसलेला माल उलगडायचा असतो, पण उलगडण्याची रीत ठरीव असते. त्यामुळे चिप बनवणाऱ्यांनी त्या रीतीसाठी स्वतंत्र, तेवढंच काम करणारं सर्किट चिपमध्ये कोरलं. ते सर्किट एक-दोन वॅटांत काम उरकतं आणि बाकीची चिप निवांत राहते.

हे सर्किट नसलं की काय होतं, ते 2007-08 मध्ये आलेल्या छोट्या नेटबुकांनी दाखवून दिलं. असूसचा 'ई पीसी' आणि त्यानंतरचे अ‍ॅटम प्रोसेसरवाले लॅपटॉप त्या काळात पुष्कळ खपले. अ‍ॅटम एन270 हा प्रोसेसर फक्त अडीच वॅटांचा होता, पडदा 1024 गुणिले 600 चा. त्यातल्या जीएमए 950 या ग्राफिक्सला नव्या एच.264 पद्धतीचा व्हिडिओ उलगडता येत नव्हता, सगळा भार त्या अशक्त प्रोसेसरवर पडायचा. युट्यूबनं 2008 च्या अखेरीस 720पी, म्हणजे 1280 गुणिले 720 ठिपक्यांचे, व्हिडिओ आणले आणि ही यंत्रं अडखळायला लागली. आवाज पुढे, चित्र मागे. 'छोटा लॅपटॉप म्हणजे व्हिडिओ अडकणार' हा समज त्या दिवसांचा आहे. आज तो सोडून द्यायला हरकत नाही, एका अटीवर.

अट अशी की दाबण्याची पद्धत दर काही वर्षांनी बदलते आणि सर्किट मात्र बदलता येत नाही. एच.264 ही पद्धत 2003 ची, एचईव्हीसी आणि व्हीपी9 या 2013 च्या, एव्ही1 ही 2018 ची. इंटेलच्या सातव्या पिढीपासून व्हीपी9 पूर्णपणे सर्किटवर उलगडतं; एव्ही1 अकराव्या पिढीपासून, म्हणजे 2020 च्या अखेरीपासून. जुना लॅपटॉप एव्ही1 उलगडतोच, पण प्रोसेसरच्या बळावर, बॅटरी जाळून.

आपल्या लॅपटॉपवर काय चाललंय ते बघायला एक पैसा लागत नाही. युट्यूबवर व्हिडिओ चालू असताना त्याच्यावर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोडेकच्या, म्हणजे दाबण्याच्या पद्धतीच्या, ओळीत 'एव्हीसी1', 'व्हीपी09' किंवा 'एव्ही01' अशी खूण दिसते आणि गळून गेलेल्या फ्रेमचा, म्हणजे चित्रांचा, आकडाही दिसतो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात 'परफॉर्मन्स'खाली 'जीपीयू'वर जा. 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख हलत असेल तर सर्किट कामाला लागलं आहे. तो सपाट आणि सीपीयूचा आकडा मात्र सत्तर-ऐंशी टक्क्यांवर, असं असेल तर बहुतेक वेळा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन कुणीतरी बंद केलेलं असतं. चालू केलं की पंखा शांत होतो.

इथे म्हसवडचंच एक उदाहरण द्यावंसं वाटतं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. चांगभल्याचा गजर, माणसांची दाटी आणि रथावर उधळलेला गुलाल. त्याचे व्हिडिओ पाहताना अनेकांना वाटतं की मोबाइल खराब होता किंवा आपला लॅपटॉप दमला, कारण गुलाल उडाला की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. दोष यातल्या कुणाचाच नसतो. व्हिडिओ लहान होतो तो 'मागच्या चित्रातलं जे बदललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही' या तत्त्वावर. मंदिराची भिंत, आकाश, रथाचा खांब, हे सगळं फुकटात जातं. गुलालाच्या ढगात मात्र हजारो कण, दर क्षणी प्रत्येकाची जागा नवी. मागच्या चित्रावरून पुढचं ओळखायला काहीच हाती लागत नाही. डेटा तेवढाच ठेवायचा म्हटल्यावर दाबणारी प्रणाली बारकावे टाकून देते आणि चौकोन दिसायला लागतात. फाइलमध्ये जे नाहीच ते जगातलं कोणतंही ग्राफिक्स कार्ड परत आणू शकत नाही. चित्रित करतानाच मोबाइलमधला बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायचा डेटा, वाढवणं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून न पाठवता मूळ फाइल घेणं, एवढाच त्यावर उपाय.

म्हणून पाहण्यापुरतं बोलायचं तर पातळ लॅपटॉप पुरेसा आहे. गेमचं तसं नाही.

गेममध्ये पुढचं चित्र अजून अस्तित्वातच नसतं. तुम्ही डावीकडे वळलात की कोणती भिंत दिसेल, तिच्यावर ऊन कुठून पडेल, मागचा माणूस किती झाकला जाईल, हे त्या क्षणी ठरवायचं असतं. सेकंदाला 60 चित्रं हवी असतील तर एका चित्राला मिळतात 16.7 मिलिसेकंद, 30 हवी असतील तर 33.3. ठरीव रीत नसल्यामुळे ठरीव सर्किटही चालत नाही. हजारो लहान हिशेब एकाच वेळी करणारे सर्वसाधारण भाग लागतात. आणि प्रत्येक भागाला सतत माहिती पुरवावी लागते: भिंतीचा पोत, वस्तूंचं अंतर, सावलीचा नकाशा. एकाच ठिपक्यावर अनेकदा रंग चढतो आणि पुसला जातो. म्हणून खरी अडचण बहुतेक वेळा हिशेबाच्या वेगाची नसते, ती मेमरीपर्यंतच्या वाटेची असते.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. वर सांगितलेल्या 4060 ची मेमरी सेकंदाला 256 जीबी माहिती पुरवते. पातळ लॅपटॉपचं ग्राफिक्स मात्र साध्या रॅममधूनच खातं, आणि तीही प्रोसेसरबरोबर वाटून. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी देते. दोन पट्ट्या असतील तर दोन वाटा होतात आणि आकडा 51.2 वर जातो. एकच 8 जीबीची पट्टी बसवून विकलेला लॅपटॉप आणि 4-4 च्या दोन पट्ट्यांचा लॅपटॉप, जाहिरातीत दोन्हींपुढे '8 जीबी रॅम' एवढंच छापलेलं असतं. विहीर तुडुंब असून शेताकडे जाणारा पाइप अर्ध्या इंचाचा असावा, तशी एका पट्टीच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्सची गत होते. गेमनुसार पाव ते तिसरा हिस्सा वेग इथेच गळतो.

इंटेलनं तर हे नावातच मान्य केलं आहे. अकराव्या पिढीच्या आय5 आणि आय7 मधल्या ग्राफिक्सचं नाव 'आयरिस एक्सई'. पण त्याच लॅपटॉपमध्ये रॅमची एकच वाट चालू असेल तर विंडोज त्या ग्राफिक्सचं नाव नुसतं 'यूएचडी' असं दाखवतं. चिप तीच, खोक्यावरचा स्टिकर तोच, नाव उतरलेलं. दुसरी पट्टी बसवली की नाव परत येतं. दुकानात लॅपटॉप चालू करून दाखवायला सांगा आणि हे नाव वाचा. टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी'खाली किती खाचा वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं: 'दोनपैकी एक' असं असेल तर पुढे पट्टी वाढवायला जागा आहे. काही फारच पातळ यंत्रांत रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तिथे घेताना जे मिळालं ते शेवटपर्यंत.

आकडे आणि नावं किती फसवू शकतात याचा याहून बोलका दाखला एएमडीचा आहे. रायझन 5 5500यू हा 2021 चा प्रोसेसर, रायझन 5 7520यू हा 2022 च्या अखेरचा. दोन्ही 'रायझन 5', दोन्ही 15 वॅटांचे, दुसऱ्याचा आकडा दोन हजारांनी मोठा. पण 5500यू मध्ये प्रोसेसरचे गाभे सहा आणि ग्राफिक्सचे हिशेबी भाग 448. 7520यू मध्ये गाभे चार आणि हिशेबी भाग 128. गेमसाठी जुनाच बरा. उलट एव्ही1 व्हिडिओ उलगडणारं सर्किट नव्यात आहे, जुन्यात नाही. व्हिडिओची ताकद आणि गेमची ताकद या एकाच चिपवरच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जोडीकडे बघून जसं पटतं तसं दुसऱ्या कशानं पटत नाही. दुकानात मात्र मोठा आकडा जास्त भावात जातो.

मग 15 वॅटांत गेम खेळायचेच नाहीत का? खेळायचे, आणि खुशाल खेळायचे. यासाठी पुण्यातच घडलेली एक गोष्ट सांगायला हवी. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा गेम. प्राचीन भारतातली एक मुलगी, तिचा पळवून नेलेला भाऊ, राजस्थानी किल्ल्यांसारखे महाल, पहाडी चित्रशैलीचे रंग आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा. 2020 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट ही की हा गेम ऑगस्ट 2020 मध्ये आधी आला तो निन्टेंडो स्विचवर. पीसीवर तो ऑक्टोबरमध्ये पोचला. स्विच हे 2017 चं हातात धरायचं यंत्र. हातात धरून खेळताना सगळं मिळून दहा वॅटांच्या आसपास वीज, 1280 गुणिले 720 चा पडदा, आणि मेमरीची वाट जास्तीत जास्त 25.6 जीबीची. म्हणजे डीडीआर4-3200 च्या एकट्या पट्टीएवढीच.

एवढ्याशा वाटेत हे महाल आणि रंग कसे मावले? बनवणाऱ्यांनी यंत्राची मर्यादा आधी मान्य केली आणि त्यात बसेल असं चित्र रचलं. कॅमेरा बराचसा दुरून ठेवला, सौंदर्य रंगसंगतीत आणि वास्तूच्या आकारात शोधलं. मला यात मोठी कारागिरी दिसते. महागड्या यंत्रावर सुंदर चित्र काढणं सोपं आहे. पुण्यातल्या मूठभर लोकांनी दहा वॅटांत ते काढून दाखवलं.

व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम डेक' या हातात धरायच्या यंत्रानं 2022 मध्ये हेच मोठ्या गेमच्या बाबतीत केलं. त्याच्या चिपला 4 ते 15 वॅट, म्हणजे आपल्या पातळ लॅपटॉपएवढेच. पण त्यांनी दोन शहाणपणाचे निर्णय घेतले: मेमरीची वाट 88 जीबीची रुंद ठेवली आणि पडदा 1280 गुणिले 800 चाच दिला. पडद्यावर फुल एचडीच्या निम्मेच ठिपके. आपल्या लॅपटॉपवर मेमरीची वाट आपण एवढी रुंद करू शकत नाही, पण दुसरा निर्णय कुणीही घेऊ शकतो. गेमच्या सेटिंगमध्ये 1920 गुणिले 1080 च्या जागी 1280 गुणिले 720 करा. रंगवायचे ठिपके 20 लाख 74 हजारांवरून 9 लाख 22 हजारांवर येतात, निम्म्याहून कमी. चित्र थोडं मऊ दिसतं, पण हलतं सुरळीत. त्यानंतर सावल्या सगळ्यात खालच्या पायरीवर आणा, कारण सावलीसाठी तेच दृश्य पुन्हा एकदा, दिव्याच्या बाजूनं रंगवावं लागतं. पोताचा दर्जा मात्र मधला ठेवला तरी चालतो, रॅम पुरेशी असेल तर. आणि फ्रेमच्या वेगाला टोपण घाला: 25 ते 50 मध्ये हिंदकळणाऱ्या वेगापेक्षा ठाम 30 किंवा 40 डोळ्यांना कितीतरी सुखाचं असतं. यंत्र तापतंही कमी.

या तयारीनं काय चालतं? व्हॅलोरंटच्या निर्मात्यांनी किमान गरज म्हणून 2012 चं इंटेल एचडी 4000 सांगितलं आहे. दोन पट्ट्यांच्या आयरिस एक्सईवर तो आरामात चालतो. माइनक्राफ्ट चालतो. 2015 मध्ये पीसीवर आलेला जीटीए 5 हा 720पीला चालतो. व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास, प्रोजेक्ट आयजीआय हे गेम तर जवळपास कोणत्याही आजच्या यंत्रावर चालतात. सायबरपंक 2077 सारख्यांच्या वाटेला जाऊ नये. बीजीएमआय हा मोबाइलसाठीच बनलेला गेम. तो लॅपटॉपवर एम्युलेटरमधून ओढण्यात काही हशील नाही, फोन त्याच्यासाठी जास्त लायक यंत्र आहे.

आणखी एक गोष्ट आहे जी जाहिरातीत किंवा परदेशी चाचण्यांत सापडत नाही, आणि ती आपल्या भागात सगळ्यात जास्त भोवते: ऊन. त्या चाचण्या 22-25 अंशांच्या गार खोलीत होतात. म्हसवड पर्जन्यछायेतलं गाव. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याच्याही पुढे जातो. चिप साधारण 100 अंशांना पोचली की स्वतःचा वेग कमी करते. उष्णता बाहेर किती पडणार हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. 25 अंशांच्या खोलीत हा फरक 75 अंशांचा, 40 अंशांच्या खोलीत 60 चा. म्हणजे त्याच पंख्यानं पाचवा हिस्सा कमी उष्णता बाहेर जाणार. पुण्यातल्या दुकानात 15 वॅट पेलणारं यंत्र इथे दुपारी ढोबळमानानं 12 वॅटच पेलतं, आणि जो गेम 40 फ्रेमनं चालत होता तो 30 च्या घरात येतो.

बिनपंख्याच्या लॅपटॉपचं गणित आणखी अवघड. तिथे मर्यादा चिपची नसते, अंगाची असते. यंत्राची पाठ 45 अंशांच्या पुढे गेली की मांडीवर सोसत नाही, म्हणून ते आधीच वेग आवरतं. 25 अंशांच्या खोलीत पाठ आणि हवा यांत 20 अंशांचं अंतर मिळतं, 40 अंशांत फक्त 5 चं. व्हिडिओ पाहायला, लिहायला हे यंत्र उत्तम. मे महिन्यातल्या दुपारी त्यावर गेम लावू नये. संध्याकाळी अंगणात बसून खेळलेलं बरं.

आणि लॅपटॉप ठेवता कशावर? माणदेश मेंढपाळांचा, घराघरांत घोंगडी असते. बहुतेक पातळ लॅपटॉप हवा खालून ओढतात. लॅपटॉप घोंगडीवर किंवा गोधडीवर ठेवला की खालच्या जाळीचं तोंड बुजतं, वर लोकरीची ऊब, आणि तंतू आत जाऊन पंख्याच्या पात्यांत अडकतात ते वेगळंच. एखादी फळी किंवा स्टीलचं ताट खाली ठेवलं आणि मागच्या बाजूला दोन बोटं उंची दिली तरी वेगातला फरक आकड्यांत दिसतो. इथली कोरडी धूळ लक्षात घेता वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावाच.

विजेच्या बाबतीत मात्र पातळ लॅपटॉप गावाला सोयीचा. त्याचा चार्जर 45 किंवा 65 वॅटांचा. गेमिंग लॅपटॉपचा अनेकदा 180 वॅटांचा किंवा त्याहून मोठा. 50 वॅट-तासांची बॅटरी व्हिडिओ पाहताना सहा वॅट घेतले तर आठ तास पुरते, गेम खेळताना पंचवीस घेतले तर दोन तास. लाइट गेली तरी अभ्यासाचं व्याख्यान पूर्ण होतं.

उरलं व्हिडिओ एडिटिंग. गावोगाव लग्नाचं शूटिंग करणारी तरुण पोरं आहेत आणि त्यांना वाटतं की मोठं कार्ड घेतल्याशिवाय धंदा होणार नाही. इथे एक अनपेक्षित गोष्ट आहे. सोनी-कॅनॉनचे नवे कॅमेरे जो दहा-बिट, 4:2:2 प्रकारचा (रंगाचे जास्त बारकावे ठेवणारा) एचईव्हीसी व्हिडिओ देतात, तो उलगडणारं सर्किट इंटेलच्या अकराव्या पिढीच्या पातळ लॅपटॉपमध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ते 2025 च्या आरटीएक्स 50 मालिकेपर्यंत नव्हतं. म्हणजे हा विशिष्ट व्हिडिओ टाइमलाइनवर पुढे-मागे सरकवताना 15 वॅटांचा लॅपटॉप त्याच्या कितीतरी पट वीज खाणाऱ्या कार्डाला मागे टाकू शकत होता, सॉफ्टवेअरनं ते सर्किट वापरलं तर. रंगसुधारणा, धूसरपणा, पार्श्वभूमी काढणं ही कामं मात्र गेमसारखीच हिशेबाची, तिथे मोठं कार्ड जिंकतं. त्यावर उपाय प्रॉक्सीचा: मूळ फाइलींच्या 720पी प्रती करून घ्यायच्या, सगळी कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइली जोडून एक्स्पोर्ट करतं. एक्स्पोर्टला वेळ लागतो, तो रात्री लावून द्यावा. 16 जीबी रॅम मात्र या कामाला हवीच. आणि नुसत्या आवाजाचं संपादन असेल, म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारख्या सामुदायिक रेडिओवर होतं तसं, तर ग्राफिक्सचा प्रश्नच येत नाही.

ज्यांचं बजेट नव्यापर्यंत पोचत नाही ते कंपन्यांनी काढून टाकलेले 2018-19 चे पातळ लॅपटॉप घेतात. त्यात इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचाच बघावा: विंडोज 11 तिथूनच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. यात यूएचडी 620 ग्राफिक्स मिळतं, व्हीपी9 सर्किटवर उलगडतं, एव्ही1 नाही. व्हॅलोरंट 720पीला चालतो, जीटीए 5 कुंथतो. यातल्या अनेकांत रॅमच्या दोन खाचा असतात आणि एकीत धूळ बसलेली असते. आतल्या पट्टीवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा आणि तेवढ्याच क्षमतेची, त्याच वेगाची दुसरी पट्टी घेऊन भरावी.